बॅरोनेट म्हणजे कोण? पिढीजात ‘सर’विषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं बरंचसं आयुष्य इंग्रजीतून मराठीत आलेल्या मजकुराची मुद्रितं तपासण्यात गेलं. चरित्रं, मुंबईचा इतिहास, गॅझेटियरचे उतारे असं काहीबाही हातात येतं, आणि त्यात एक शब्द हमखास गोंधळ घालतो : बॅरोनेट. कुणी त्याचा ‘बॅरन’ करतं, कुणी ‘लॉर्ड’, कुणी ‘सरदार’. एका हस्तलिखितात तर ‘बॅरिस्टर’ केलेलं मी स्वतः खोडलं आहे. हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो.

बॅरोनेट म्हणजे नेमकं काय?

ब्रिटिश राजाने किंवा राणीने दिलेला, बापाकडून मुलाकडे जाणारा किताब. तो असलेल्या माणसाच्या नावाआधी ‘सर’ लागतं. वंशपरंपरेने चालणाऱ्या ब्रिटिश किताबांच्या उतरंडीत ही सगळ्यात खालची पायरी. तिच्या वर बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस आणि ड्यूक. शब्दाचा मूळ अर्थच ‘छोटा बॅरन’ असा होतो.

किताबाबरोबर जमीन मिळत नाही, पगार मिळत नाही, सत्ताही नाही. मिळतं ते फक्त नावाआधीचं ‘सर’, समारंभात कोण आधी चालणार याच्या यादीतली एक जागा, आणि आपल्यामागे मुलालाही ते मिळेल याची हमी.

म्हणजे तो लॉर्ड असतो ना?

नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. बॅरनपासून ड्यूकपर्यंतचे पाच जण उमराव. पूर्वी त्यांना लॉर्ड्सच्या सभागृहात जन्मतःच जागा असे. बॅरोनेट या उमरावांत मोडत नाही, कायद्याच्या नजरेत तो सामान्य प्रजाजनच. म्हणून तो पूर्वीपासून निवडणूक लढवून कॉमन्समध्ये बसू शकत होता. पंतप्रधान झालेले सर रॉबर्ट पील हे दुसरे बॅरोनेट. पहिले त्यांचे वडील, कापडगिरण्यांवर गब्बर झालेले. ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वल्ड मोस्ली सहावा बॅरोनेट होता. दुसऱ्या टोकाला मजूर पक्षाचे खासदार टॅम डॅलिएल. ते अकरावे बॅरोनेट, पण आयुष्यभर ‘सर’ न लावता वावरले.

भारतीयांपैकी खऱ्या अर्थाने पिढीजात लॉर्ड झाले ते बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, 1919 मध्ये, ‘रायपूरचे बॅरन सिन्हा’ म्हणून. मुंबईचे शेटसावकार बॅरोनेटपर्यंत पोचले, त्यापुढे नाही.

नाइट पण ‘सर’ आणि बॅरोनेट पण ‘सर’. फरक कसा ओळखायचा?

हाक मारताना ओळखता येत नाही. फरक माणूस मेल्यावर कळतो. नाइटचं ‘सर’ त्याच्याबरोबर जातं, बॅरोनेटचं घरात राहतं.

आपल्याकडचे बहुतेक ‘सर’ नाइट होते. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, सर नारायण चंदावरकर, सर फिरोजशहा मेहता, सर रतन टाटा यांच्यापैकी कुणाच्याही मुलाला जन्माने ‘सर’ लागलं नसतं. आपल्याकडच्या ओळखीच्या किताबांशी ताडून बघायचं तर रावबहादूर किंवा खानबहादूर हे नाइटसारखे, म्हणजे ज्याला दिले त्याच्यापुरते. बॅरोनेटची जात वतनाची, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी. फक्त वतनाला जमीन आणि हक्क चिकटलेले असत. इथे नुसतं नाव.

लिहिताना मात्र फरक दाखवतात. बॅरोनेटच्या नावानंतर स्वल्पविराम देऊन तसा संक्षेप लिहिण्याची रीत आहे. जुन्या कागदांत ‘बार्ट.’ दिसतं, हल्ली ‘बीटी’ ही दोन अक्षरं पुरतात. जुन्या मुंबईच्या संगमरवरी पाट्यांवर नावाच्या शेवटी ‘बार्ट.’ दिसलं तर ते आडनाव नव्हे. मी ते आडनाव म्हणून छापलेलं पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

हा प्रकार सुरू कुणी केला आणि का?

पहिल्या जेम्स राजाने, 1611 मध्ये. कारण पैसा, आणि ते कुणी फारसं लपवलंही नाही. आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टर प्रांतात इंग्लंड-स्कॉटलंडमधली माणसं नेऊन वसवायचं काम चाललं होतं. त्यासाठी फौज हवी आणि तिजोरीत खडखडाट. मग ज्यांच्याकडे जमिनीचं वर्षाला निदान हजार पौंड उत्पन्न आहे आणि ज्यांच्या आजोबांकडे कुलचिन्ह होतं, अशा खानदानी लोकांपुढे राजाने नवा किताब ठेवला.

किंमत होती 1,095 पौंड. हा आकडा विचित्र वाटतो, पण हिशोब मांडला की उलगडतो. तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार द्यायचा होता. एका शिपायाला रोज आठ पेन्स. तीस गुणिले आठ म्हणजे 240 पेन्स, आणि त्या काळी 240 पेन्सचा बरोबर एक पौंड होई. म्हणजे रोजचा एक पौंड, तीन वर्षांचे दिवस 1,095. एखाद्या पेढीवरच्या मुनीमाने मांडावा तसा हा हिशोब आहे. सरदारकीच्या झगमगाटामागे इतकं साधं पाढ्यातलं गणित आहे हे मला फार आवडतं.

पहिला बॅरोनेट झाला सफक परगण्यातल्या रेडग्रेव्हचा सर निकोलस बेकन. एकंदर दोनशेच बॅरोनेट करायचे असं आधी ठरलं होतं. राजांना पैशाची गरज लागत राहिली तशी संख्या वाढत गेली आणि भाव उतरत गेला. पुढे 1619 मध्ये आयर्लंडसाठी वेगळे बॅरोनेट निघाले, 1625 मध्ये नोव्हा स्कोशियाचे. इंग्लंड-स्कॉटलंड एक झाल्यावर, 1707 पासून ‘ग्रेट ब्रिटनचे’, आणि 1801 पासून ‘युनायटेड किंग्डमचे’. मुंबईकर सगळे या शेवटच्या वर्गातले.

नोव्हा स्कोशिया तर कॅनडात आहे. तिथे बॅरोनेट कसे?

तिथे ते गेलेच नाहीत, गंमत तीच आहे. अटलांटिकपलीकडच्या त्या वसाहतीसाठी स्कॉटिश जमीनदारांकडून पैसे गोळा करायचे होते. त्यांना तिथली जमीन कागदावर मिळे. पण स्कॉटिश कायद्याप्रमाणे जमिनीचा ताबा घ्यायचा तर त्याच जागेवर उभं राहून तिथली माती आणि दगड हातात घ्यावा लागे. त्यासाठी कोण जहाजाने दोन महिने जाणार? तेव्हा एडिंबरोच्या किल्ल्यासमोरच्या टेकडीचा एक तुकडा कायद्याने नोव्हा स्कोशियाचा भाग आहे असं ठरवून टाकलं. तिथेच उभं राहून माती घ्यायची आणि संध्याकाळी घरी जायचं. तलाठी कचेरीत उंबरे झिजवलेल्या माणसाला या युक्तीचं मोल जास्त कळेल.

बॅरोनेटच्या ढालीवर लाल पंजा असतो तो कसला?

अल्स्टरचा. किताबाची मूळ वर्गणी अल्स्टरसाठी होती, त्याची ही खूण. नोव्हा स्कोशियावाले सोडून बाकीच्यांना आपल्या कुलचिन्हात रक्तवर्णी पंजा घालता येतो. तो डाव्या हाताचा असतो. अल्स्टरचं स्वतःचं चिन्ह उजव्या हाताचं आहे.

सर जमशेटजी जेजीभॉय यांच्या कुलचिन्हात घाटाच्या डोंगरांवर उगवणारा सूर्य आणि उडत्या दोन मधमाश्या आहेत. मधमाश्या उद्योगीपणाच्या. विलायतेतल्या नोंदवहीत त्या डोंगरांचा उल्लेख ‘मुंबईजवळचे घाट’ असाच आहे. म्हणजे एकाच ढालीवर आपला सह्याद्री आणि आयर्लंडचा पंजा शेजारी शेजारी नांदतात.

हाक कशी मारायची? ‘सर जेजीभॉय’ चालेल का?

चालणार नाही. ‘सर’ नेहमी पहिल्या नावाला लागतं, एकट्या आडनावाला कधीच नाही. सर जमशेटजी बरोबर, सर जमशेटजी जेजीभॉय बरोबर, सर जेजीभॉय चूक. हाच नियम नाइटलाही, म्हणून ‘सर न्यूटन’ चूक आणि ‘सर आयझॅक’ बरोबर. आपल्याला कुलकर्णी सर, पाटील सर म्हणायची सवय असल्यामुळे हात आपोआप आडनावाकडे जातो. शाळेतल्या सरांचा आणि या ‘सर’चा काही संबंध नाही.

बॅरोनेटच्या बायकोला काय म्हणतात? लेडी जमशेटजी रोडवरच्या लेडी जमशेटजी कोण?

नियम असा, की बायकोला ‘लेडी’ आणि पुढे नवऱ्याचं आडनाव. तिचं स्वतःचं नाव मध्ये येत नाही. नवरा वारला आणि सून नवी लेडी झाली, की सासूला ‘डाउएजर लेडी’ म्हणतात. घटस्फोटितेचं नाव आधी येतं आणि लेडी-आडनाव स्वल्पविरामानंतर. ‘डाउएजर’ सोडून बाकी नियम नाइटच्या बायकोलाही लागू.

आता माहीम ते दादर हा लेडी जमशेटजी रोड, आपल्या बोलण्यातला एल. जे. रोड. या बाईंचं नाव आवाबाई. माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडत, माणसं मरत. तिथे बांध घालायला सरकार तयार नव्हतं. शेवटी आवाबाईंनी 1,57,000 रुपये दिले. ये-जा करणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही अशी अट होती. 1845 मध्ये माहीम कॉजवे वापरात आला.

पण रस्त्याचं नाव नियमाने ‘लेडी जेजीभॉय’ व्हायला हवं होतं, ‘लेडी जमशेटजी’ कसं झालं? कारण जेजीभॉय हे आडनाव नव्हतंच, ते जमशेटजींच्या वडिलांचं नाव. विलायती नियमाला आडनाव लागतं आणि इथे ते नव्हतं, तेव्हा लोकांनी नवऱ्याचं चालू नाव उचललं आणि पुढे लेडी लावली. शिवाय 1845 मध्ये जमशेटजी नुसते नाइट होते. बॅरोनेट व्हायला अजून बारा वर्षं होती. याच्या उलट परळचं जनावरांचं हॉस्पिटल पाहा : बाई साकरबाई दिनशॉ पेटिट. तिथे बाईंचं नाव आधी आणि ठसठशीत. मला विचाराल तर पाटी अशी असावी.

जे. जे. हॉस्पिटलच्या पाटीवर ‘सर ज. जी.’ असं का असतं?

कारण मराठीत जमशेटजी जीजीभाय यांची आद्याक्षरं ज. आणि जी. अशीच होतात. सरकारी कागदावर ‘सर ज. जी. समूह रुग्णालये’ आणि तोंडात ‘जे. जे.’, दोन्ही बरोबर. मात्र या पाटीवरचं ‘सर’ बॅरोनेटचं नव्हे. जमशेटजींना नाइट केलं 1842 मध्ये. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. हॉस्पिटल 1845 चं. बॅरोनेट केलं ऑगस्ट 1857 मध्ये, तोही भारतीयांतला पहिलाच. त्याच वर्षी त्यांच्या एक लाखाच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. ऑगस्ट 1857 म्हणजे उत्तरेत बंडाचा वणवा पेटला होता तो महिना. अशा वेळी मुंबईच्या शेठला पिढीजात किताब देण्यात राज्यकर्त्यांचा काहीच हिशोब नसेल असं मानायला मी तयार नाही.

हा पैसा कुठून आला तेही सांगायला हवं. जमशेटजी तरुणपणी रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारात होते, त्यामुळे ‘बाटलीवाला’ नाव पडलं. खरी दौलत चीनशी चाललेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून आली. त्यांच्या दानाने हजारो माणसं जगली हे खरं, आणि अफूही खरी. चरित्रकार यातलं एकच लिहितात तेव्हा मी समासात प्रश्नचिन्ह करतो.

दुसरे सर जमशेटजी जेजीभॉय, तिसरे सर जमशेटजी जेजीभॉय… सगळ्यांचं नाव एकच कसं?

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विलायतेत आडनाव कायम राहतं. सर जॉन स्मिथच्या मागे सर हेन्री स्मिथ आला तर गादी कुणाची हे आडनावावरून कळतं. पारशी घरांत तेव्हा स्वतःचं नाव आणि पुढे बापाचं नाव, एवढंच. जमशेटजी जेजीभॉय म्हणजे जेजीभॉयचा मुलगा जमशेटजी. त्यांचा मुलगा करसेटजी, म्हणजे तो करसेटजी जमशेटजी. त्याचा मुलगा माणेकजी करसेटजी. दोन पिढ्यांत मूळ नावाचा मागमूस राहिला नसता. आपल्या मधल्या नावासारखंच हे, फक्त शेवटी आडनावाची खुंटी नाही.

यावर उपाय कायद्याने काढला. कलकत्त्याच्या कायदेमंडळाने 1860 मध्ये खास कायदा केला, की या घराण्यात जो जो बॅरोनेट होईल त्याने आपलं जन्मनाव सोडून ‘जमशेटजी जेजीभॉय’ हे नाव घ्यायचं. त्याप्रमाणे करसेटजी हे दुसरे सर जमशेटजी जेजीभॉय झाले. म्हणजे नाव वाचून अर्थ लावायचा तर करसेटजी आपल्याच आजोबांचे मुलगे ठरले! किताबाचा रुबाब राखता यावा म्हणून मालमत्ता विश्वस्तांकडे बांधून ठेवायची व्यवस्थाही अशा कायद्यांत असे. नुसतं ‘सर’ आणि घरात दिवाळं, असं होऊ नये हा उद्देश. विलायतेत किताबाला इस्टेट चिकटलेली नव्हती, मुंबईत ती कायदा करून चिकटवली.

पेटिटांचंही तसंच. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट 1890 मध्ये बॅरोनेट झाले आणि 1893 च्या कायद्याने त्यांचं नाव पुढच्यांवर बंधनकारक झालं. ते 1901 मध्ये गेले तेव्हा किताब नातवाकडे आला. नातू जन्माने जीजीभाय फ्रामजी पेटिट, तो दुसरा सर दिनशॉ माणेकजी पेटिट बनला. बॅरिस्टर जिनांनी 1918 मध्ये जिच्याशी लग्न केलं ती रतनबाई ऊर्फ रत्ती या दुसऱ्या दिनशॉंची मुलगी. गिरण्या काढणारे, नाव कमावणारे मूळ दिनशॉ तिचे पणजोबा. मराठी लेखांत हे दोघे इतक्या वेळा एक झाले आहेत की आता मी ‘दिनशॉ पेटिट’ दिसलं की आधी साल बघतो.

कावसजी जहांगीर यांच्या बाबतीत तर हा घोळ पायी फिरून बघता येतो. ओव्हल मैदानासमोर मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचा. रीगल सिनेमापाशी सर कावसजी जहांगीर हॉल, जिथे आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आणि काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी, देणगी सर कावसजी जहांगीर यांचीच. तिन्ही जागा वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीत, देणारे मात्र तीन वेगवेगळे. पहिले कावसजी जहांगीर रेडीमनी, नुसते नाइट, 1878 मध्ये वारले. त्यांना मूल नव्हतं, त्यांनी पुतण्याला दत्तक घेतलं. तो 1908 मध्ये पहिला बॅरोनेट झाला आणि 1911 चा हॉल त्याचा. त्याचा मुलगा दुसरा बॅरोनेट. त्याने दिवंगत मुलगा जहांगीर याच्या स्मरणार्थ गॅलरी दिली, ती 1952 मध्ये उघडली.

भारतात आणखी कोण कोण बॅरोनेट होते?

मुंबईचे करीमभाई इब्राहिम (1910) आणि ससून जेकब डेव्हिड (1911). अहमदाबादचे गिरणीमालक चिनुभाई माधवलाल रणछोडलाल (1913) हे पहिले हिंदू बॅरोनेट. बगदादहून आलेल्या ससून घराण्यात दोन वेगळ्या बॅरोनेटशिप होत्या. ससून डॉक बांधणारे आल्बर्ट ससून 1890 मध्ये बॅरोनेट झाले, पण लंडनमधल्या केन्झिंग्टन गोरच्या पत्त्यावर. दुसरे जेकब ससून, 1909, ‘मुंबईचे’. त्यांचा किताब भावाकडे आणि मग पुतण्या व्हिक्टर ससूनकडे गेला. व्हिक्टरने आपला पसारा शांघायला हलवला आणि तो 1961 मध्ये निपुत्रिक वारला, तिथे तो किताब संपला.

यादी वाचली की लक्षात येतं, कापड, अफू, गोदी आणि सावकारी. एकही मराठी नाव नाही. मराठी माणूस मोठा झाला तो विद्वत्तेने, वकिलीने, फार तर दिवाणगिरीने; त्याला नाइटकी पुरली. पिढीजात किताबाला पिढीजात पैसा लागतो.

मराठ्यांच्या इतिहासात बॅरोनेट कुठे भेटतो का?

भेटतो, आणि तोही पेशव्यांच्या दरबारात. आपल्या कागदपत्रांतला ‘मालेट’, म्हणजे चार्ल्स वॉर मॅलेट, पुण्यातला कंपनीचा रेसिडेंट. टिपूविरुद्ध मराठे आणि कंपनी यांचा तह जून 1790 मध्ये पुण्यात झाला, त्या वाटाघाटी मॅलेटच्या. पुढच्याच वर्षी, 1791 मध्ये, त्याला बॅरोनेट केलं. सवाई माधवरावांच्या दरबारातला तो प्रसंग दाखवणारं टॉमस डॅनियलचं भलंमोठं चित्र लंडनमध्ये आहे. गंगाराम तांबटांकडून वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढून घेणारा मॅलेट तो हाच.

त्याच्या नंतरच्या काळातला पुण्याचा रेसिडेंट बॅरी क्लोज, वसईचा तह घडवणारा, तोही पुढे बॅरोनेट झाला. एका अर्थी पुण्याच्या रेसिडेन्सीतून हा किताब दोनदा कमावला गेला, आणि दोन्ही वेळा किंमत आपण मोजली.

किताब कुणाकडे जातो? मुलगी, दत्तक मुलगा?

बहुतेक सनदांत ‘औरस पुरुष वारस’ असे शब्द असतात. थोरला मुलगा, त्याला मुलगा नसेल तर त्याचा भाऊ, अशी वाट. दत्तकाला मिळत नाही. मुलीला मिळत नाही. ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ची धून बांधणारे संगीतकार एडवर्ड एल्गार 1931 मध्ये बॅरोनेट झाले, एकुलती एक मुलगी होती, त्यामुळे 1934 मध्ये त्यांच्याबरोबरच किताब गेला. स्कॉटलंडच्या काही जुन्या सनदा मात्र बाईला मज्जाव करत नाहीत. 1635 मध्ये डेम मेरी बोल्स स्वतःच्या हक्काने बॅरोनेटेस झाल्या. अशा बाया चारशे वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

वारसाला किताब आपोआप लावता येत नाही, पुरावे द्यावे लागतात. खोटे ‘सर’ फार माजले म्हणून 1910 मध्ये बॅरोनेटांची अधिकृत नोंदवही सुरू झाली. त्यात नाव नसेल तर सरकारी कागदावर ‘सर’ लागत नाही. आपल्या सातबाऱ्याच्या वारसनोंदीसारखंच. आणि सातबाऱ्यासारखे खटलेही होतात. स्कॉटलंडच्या प्रिंगल घराण्यात दहावे बॅरोनेट 2013 मध्ये वारले आणि चुलतभावाने दावा लावला. डीएनए तपासणीत दिसलं, की नववे बॅरोनेट हे आठव्यांचे मुलगेच नव्हते. प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश न्यायपीठाने 2016 मध्ये हा पुरावा ग्राह्य धरला आणि किताब दुसऱ्या शाखेकडे वळला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची भानगड चव्हाट्यावर आली.

आजही कुणाला बॅरोनेट करतात का? विकत मिळतो का?

1964 नंतर हा प्रकार जवळजवळ बंद पडला. अपवाद एक : डिसेंबर 1990 मध्ये मार्गारेट थॅचर पायउतार झाल्यावर त्यांचे पती डेनिस बॅरोनेट झाले. त्यांच्या मागे 2003 मध्ये मुलगा मार्क ‘सर’ झाला. त्यानंतर नवा बॅरोनेट नाही. जुने मात्र आजही हजाराच्या वर आहेत.

विकत म्हणाल तर सुरुवातच विक्रीने झाली, वर सांगितलंच. विसाव्या शतकात लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना पुन्हा बाजार भरला. नाइटकी दहा हजार पौंड, बॅरोनेटशिप तीस हजार, उमरावकी त्याहून वर, असे दर तेव्हा चर्चेत होते. बोभाटा झाला आणि 1925 मध्ये अशा विक्रीविरुद्ध कायदा आला. दलाल मॉन्डी ग्रेगरी याला 1933 मध्ये त्याखाली शिक्षा झाली. आज इंटरनेटवर जे ‘लॉर्ड’ किंवा ‘लेअर्ड’ विकतात, ते वीतभर जमिनीचं प्रमाणपत्र असतं. त्याने कुणी बॅरोनेट होत नाही.

किताब परत करता येतो का?

रवींद्रनाथ टागोरांनी जालियनवाला बागेनंतर नाइटकी झुगारली, हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हा प्रश्न येतो. बॅरोनेटचं तसं नाही. ब्रिटनमध्ये 1963 च्या कायद्याने उमरावांना आपली उमरावकी सोडता येऊ लागली, पण त्या कायद्यात बॅरोनेट नाहीत. नको असेल त्याने गप्प बसावं, नोंदवहीत नाव घालू नये, ‘सर’ लावू नये. एवढंच.

भारतात आज या किताबाला काही अर्थ आहे का?

राज्यघटनेच्या कलम 18 प्रमाणे लष्करी आणि विद्याविषयक मान सोडून राज्य कुणाला किताब देत नाही, आणि भारतीय नागरिकाला परकीय राष्ट्राकडून किताब घेता येत नाही. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, म्हणून ते नावाआधी लावायचे नसतात, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. त्यामुळे नवा भारतीय बॅरोनेट होण्याचा प्रश्नच नाही. जुन्या घराण्यांत ब्रिटिश नोंदवहीप्रमाणे वारसा चालू राहिला तरी आपल्या रेशनकार्डावर त्याला जागा नाही.

मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरावा?

‘बॅरोनेट’ असाच ठेवावा. ‘सरदार’ लिहिलं की आपल्या डोळ्यांपुढे शिंदे-होळकर आणि त्यांच्या पागा येतात. ‘उमराव’ लिहिलं तर तो लॉर्ड होतो. ‘छोटा बॅरन’ तर अगदीच खेळण्यातला वाटतो. पहिल्यांदा येईल तिथे ‘बॅरोनेट, म्हणजे पिढीजात सर’ असं एकदा उलगडावं आणि पुढे नुसतं बॅरोनेट. किताबाला ‘बॅरोनेटशिप’ म्हणायला हरकत नाही. कुणी ‘बॅरोनेटकी’ लिहिलं तर मी खोडत नाही. आणि पेटिट, जहांगीर किंवा जेजीभॉय यांच्यातला एखादा मजकुरात आला तर कितवा ते लिहाच : ‘दुसरे बॅरोनेट’, ‘चौथे बॅरोनेट’. नाहीतर पान उलटताच मेलेला माणूस पुन्हा देणगी देताना सापडतो.